दोरी बदलली की धनुष्याचा सूर बदलतो

आजचा सगळा सराव एकाच प्रश्नाभोवती फिरला: रिकर्वचा, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचा, आवाज कमी करायला कोणती दोरी?

डॅक्रॉन, म्हणजे बी-५० किंवा बी-५५ पॉलिएस्टर, ताणलं जातं आणि बाण सुटतानाचा झटका पोटात घेतं. आवाज दबका येतो. ४५ पौंडाच्या (ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या) धनुष्याला १४ धागे पुरेसे. फास्टफ्लाइट, म्हणजे पॉलिइथिलीनचा आधुनिक धागा, जवळजवळ ताणलं जात नाही; बाण थोडा वेगाने जातो, पण आवाज कोरडा, टणक. आणि जुन्या धनुष्यांची टोकं मजबूत केलेली नसतात, तिथे ही दोरी लावूच नका. टोक चिरतं.

पण धागा बदलण्याआधी मुठीपासून दोरीचं अंतर मोजा. ६० इंची रिकर्वला साधारण साडेसात ते आठ इंच. कमी असेल तर दोरी फटकारते. दोरीला तीन-चार पीळ वाढवा, चार-पाच बाण सोडा, कान द्या, मग पुन्हा पीळ. एका ठिकाणी आवाज अचानक बसतो, तेच त्या धनुष्याचं अंतर! पीळ फार झाले तर मात्र दोरी स्प्रिंगसारखी होते.

मग कंप मोडायला दोरीवर लोकरीचे गोंडे. वरचा टोकापासून दोरीच्या एक चतुर्थांशावर, खालचा खालच्या टोकापासून एक तृतीयांशावर. समान अंतरावर बांधले तर कंप नीट मोडत नाही. पावसात लोकर भिजून जड होते, तेव्हा रबराचे. रिकर्वच्या वळणावर दोरी आपटते तिथेही लोकर गुंडाळा.

एवढं करूनही आवाज राहिला तर बाण तोलून बघा: ४५ पौंडाला ४०५ ग्रेनपेक्षा (साधारण २६ ग्रॅम) हलका नको.