आबांचं ‘हो’

माझे सासरे मुद्दाम माझं ऐकत नाहीत, असं मला जवळजवळ दोन वर्षं वाटत होतं. आता लिहिताना ओशाळायला होतंय, पण वाटत होतं खरं. पुरावाही होता. नवऱ्याने शेजारच्या खोलीतून साध्या आवाजात "आबा, माझा चष्मा पाहिलात?" विचारलं की आबा लगेच सांगायचे, टेबलावर आहे. मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून "आबा, किल्ल्या कुठे ठेवल्यात?" विचारलं की उत्तर यायचं, "हो."

किल्ल्या कुठे आहेत? हो. असं म्हणणाऱ्या माणसाबद्दल सुनेला काय वाटावं? मी मैत्रिणीला फोनवर सांगायचे, "सोयीचं बहिरेपण आहे गं. लेकाचं बरोबर ऐकू येतं."

सासूबाई होत्या तोवर हे कधी जाणवलं नव्हतं. त्या कायम आबांच्या उजव्या हाताला बसायच्या आणि कुणी काही बोललं की तेच पुन्हा बोलायच्या. "अहो, ती विचारतेय दार लावलंत का." "अहो, तो म्हणतोय उशीर होईल." मला वाटायचं, आईंना सगळं दोनदा बोलायची खोडच आहे. कधी कधी वैतागही यायचा, कारण माझंच वाक्य माझ्यासमोर परत ऐकायला लागायचं. त्या गेल्या आणि घरातलं ते दुसऱ्यांदा बोलणं थांबलं. त्यानंतर आबा गप्प गप्प राहायला लागले. आम्ही म्हणालो, साहजिक आहे, दुःख आहे. ते होतंच. त्यामुळे त्यापलीकडे बघायची आम्हाला गरजच वाटली नाही.

मधल्या काळात गमतीही होत होत्या. एकदा मी आतून ओरडले, "आबा, मनूला ताप आहे!" आबा ताडकन उठले, दाराआडची काठी घेतली आणि पलंगाखाली वाकून बघायला लागले. त्यांना ‘साप’ ऐकू आलं होतं. मनू, आमची लेक, तापातसुद्धा खो खो हसली. नवरा हसला, मीही हसले. आबांनी विचारलं, "काय झालं?" आणि आम्ही म्हणालो, "काही नाही, आबा."

हे ‘काही नाही’ आमच्या घरात दिवसाला किती वेळा म्हटलं जायचं, याचा हिशोब मी नंतर केला. टीव्हीवर काय म्हणाले? काही नाही. फोन कुणाचा होता? काही नाही, असाच. दोघे कशावरून हसताय? काही नाही. एकदा सांगून कळलं नाही की दुसऱ्यांदा आवाज चढतो, आणि तिसऱ्यांदा सांगण्याच्या लायकीचं ते वाक्य राहत नाही. मग माणूस ‘काही नाही’वर येतो. समोरचाही शहाणा असतो. तो विचारायचं सोडतो आणि ‘हो’ म्हणायला लागतो.

आबांच्या त्या ‘हो’चा अर्थ घरात सगळ्यात आधी पाच वर्षांच्या मनूला कळला. एका रविवारी बाहेरच्या खोलीची भिंत कमरेएवढ्या उंचीपर्यंत निळ्या खडूने रंगलेली दिसली. विचारलं तर शांतपणे म्हणाली, "मी आबांना विचारलं होतं. ते हो म्हणाले." आबा पेपर वाचत असताना त्यांच्या पाठीमागे उभं राहून, हळू आवाजात, रीतसर परवानगी घेतली होती बाईंनी. पण तिला स्वतःला काही हवं असलं, गोष्ट ऐकायची असली, तर ती असलं काही करायची नाही. सरळ त्यांच्या पुढ्यात जायची, गुडघ्यावर दोनदा थापटायची, हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची आणि मग बोलायची. तिचं सगळं कळायचं त्यांना. मला वाटायचं, नातीचे लाड. पुराव्यात आणखी एक भर.

मग शाळेचा तो दिवस आला. मनूची शाळा साडेचारला सुटते आणि तिला आणायचं काम आबांचं. त्या दिवशी साडेतीनलाच सुटणार होती. मी सकाळी सिंकपाशी भांडी विसळत होते, नळ सुरू, पाठ आबांकडे. म्हटलं, "आबा, आज साडेतीनला जायचंय हं, लक्षात ठेवा." मागून आवाज आला, "हो."

आबा नेहमीप्रमाणे पाच मिनिटं आधी, चार पंचवीसला शाळेच्या दारात हजर झाले. मनू तासभर बाईंजवळ बसून होती. बाईंनी मला फोन केले होते, पण मी मीटिंगमध्ये होते आणि फोन पर्समध्ये. मनू रडलीबिडली नाही. तिला अख्खा फळा एकटीला मिळाला होता. रडले मी, आणि संध्याकाळी जे बोलू नये ते बोलले. "जमत नसेल तर तसं सांगा ना, आबा! हो कशाला म्हणता?" आवाज किती चढला होता ते मनूच्या तोंडाकडे बघून कळलं.

आबा म्हणाले, "ओरडू नकोस. ओरडलीस की काहीच समजत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "आवाज येतो गं. शब्द येत नाहीत."

ते वाक्य मला त्या वेळी नीट कळलं नाही. आठवड्याने कळलं.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानातला मळ काढला. एवढ्यावर भागेल अशी नवऱ्याला फार आशा होती. भागलं नाही. मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे, तपासणी. काचेची खिडकी असलेल्या लहानशा खोलीत आबा हेडफोन लावून बसले, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बाहेर, तपासणाऱ्या मॅडमच्या मागच्या खुर्चीवर. यंत्रावर एक छोटा दिवा होता. आत आवाज सोडला की तो लागायचा. सुरुवातीला दिवा आणि आबांचा अंगठा बरोबर चालले होते. मग पट्टी वर वर जायला लागली. दिवा लागला, अंगठा हलला नाही. पुन्हा लागला, जास्त मोठ्या आवाजाला. अंगठा तसाच. आबा परीक्षेला बसलेल्या मुलासारखे ताठ बसले होते, भुवया उंचावून, अंगठा बटणावर टेकवून. आपण काही चुकवतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता. मी खिडकीतून बघत होते आणि दिवा लागत होता.

मॅडमनी आलेख दाखवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक, आणि रेघ जितकी वर तितकं ऐकणं चांगलं. 250, 500 हर्ट्झला रेघ बऱ्यापैकी वर, आणि 2000च्या पुढे घसरगुंडी. त्या म्हणाल्या, वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणाची ही नेहमीची रीत आहे. आतल्या कानात शंखासारखी नळी असते, तिच्यात आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी असतात, एका कानात साधारण 15,000. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि बहुधा त्याच आधी झिजतात. माणसात त्या परत उगवत नाहीत.

मग त्यांनी जे सांगितलं, त्याने माझी दोन वर्षांची फाईल बंद झाली. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वरांचा बराचसा भाग खालच्या पट्टीत. शब्द वेगळे ओळखू येतात ते व्यंजनांमुळे, आणि स, श, त, थ, फ ही मंडळी बारीक आणि वरच्या पट्टीतली. ‘स’ तर 4000 हर्ट्झच्या पुढेच सळसळत असतो. म्हणजे मी ‘सात’ म्हणाले की आबांपर्यंत ‘आ’ पोचतो. पुढचंमागचं ते अंदाजाने भरतात. सात, आठ, हात, आत, काहीही. ताप, साप. बायकांचे आणि मुलांचे आवाज बारीक, त्यामुळे त्यांना जास्त फटका. नवऱ्याचा आवाज मुळात जाड. आणि ओरडल्याने काय होतं? स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजनं आणखी बुडतात. शिवाय अशा कानांची गंमत अशी की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि जरा वर गेला की टोचतो.

मनूचा आवाज तर माझ्याहून बारीक. पण ती समोर उभी राहायची, त्यांना तिचे ओठ दिसायचे. मी भांड्यांशी बोलत होते.

परत येताना मी धीर करून म्हटलं, "आबा, मला वाटायचं तुम्ही मुद्दाम ऐकत नाही."

"हो," आबा म्हणाले.

ऐकलं की नाही, देव जाणे. मी परत सांगावं की नाही या विचारात असताना तेच म्हणाले, "मलाही वाटायचं, तू मुद्दाम हळू बोलतेस. मला कळू नये म्हणून."

यंत्रं आली, दोन्ही कानांना. चष्मा लावला की दिसतं, तसं हे लावलं की ऐकू येईल असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्या दिवशी आबांनी तासाभरात काढून ठेवली. "हे घर केवढा आवाज करतं!" पंख्याचा आवाज, नळाचा, स्वतःच्या चपलांचा. पेपरचं पान उलटलं तर पत्रा वाजल्यासारखं. वर्षानुवर्षं मेंदूपर्यंत न पोचलेले आवाज एकदम दारात उभे राहिले की आत कुणाला घ्यायचं ते त्याला ठरवता येत नाही. त्याला काही आठवडे लागतात. मॅडमनी सांगितलं होतं, आधी शांत खोलीत, एकाच माणसाशी, थोडा वेळ, मग वाढवत न्या. ज्यांनी यंत्र आणून कपाटात टाकलंय, त्यांच्यातले बरेच जण याच पायरीवर कंटाळले असावेत, असा माझा संशय आहे. आमच्याकडे तो एक माणूस व्हायचं काम मनूने घेतलं. तिला श्रोता हवाच होता.

हिचाच पुढचा उद्योग. या यंत्रातल्या सेलवर एक छोटं रंगीत लेबल असतं. आमच्या सेलवर केशरी. ते काढलं की सेलला हवा लागते आणि तो कामाला लागतो, म्हणून लेबल काढून मिनिटभर तसाच ठेवायचा आणि मग यंत्रात बसवायचा. एके दिवशी मनूच्या वहीत मी सूर्य पाहिला, केशरी टिकल्यांचा. मोजल्या, तर अकरा. आबांनी तोवर चारच सेल वापरले होते. बाकीचे सात कुठे आहेत हे कळेपर्यंतची दहा मिनिटं मला आठवायची नाहीत. बाहुलीच्या ताटलीत सापडले, सातही.

त्या दिवसापासून नवे-जुने सगळे सेल झाकणाच्या डब्यात, माझाही हात जेमतेम पोचेल अशा फळीवर. बटणासारखा सेल मुलाने गिळला असेल अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघत बसायचं नाही, तडक दवाखाना. रिमोटमध्ये वगैरे असतात ते चपटे लिथियम सेल तर अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत आतून भाजू शकतात. मी हे सगळं त्या रात्री वाचलं. त्याच बैठकीत हेही वाचलं की स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांवर काही करता येतं अशा गोष्टींची यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने केली आहे, आणि 2020च्या त्या यादीतल्या 12 गोष्टींमध्ये कमी ऐकू येणं आहे. आमच्यात आधीच कुजबुज सुरू होती, आबा विसरायला लागलेत का म्हणून. साडेतीन त्यांच्या कानात शिरलेच नव्हते, तर विसरणार काय?

आता आबांशी बोलायचं तर मी नळ बंद करते. आधी "आबा" म्हणते, ते बघेपर्यंत थांबते. एखादा शब्द कळला नाही तर तोच पाच वेळा घोकत नाही, वेगळ्या शब्दांत सांगते. आणि "कळलं का?" हा प्रश्न मी बंद केला आहे, कारण त्याचं उत्तर काय येणार ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी विचारते, "मग किती वाजता निघताय?" यंत्र लावलं तरी हे लागतंच. चार माणसं एकदम बोलायला लागली की आबा अजूनही हरवतात.

‘काही नाही’ पूर्ण गेलेलं नाही. परवाच माझ्या तोंडून निघालं. मनूने कमरेवर हात ठेवून म्हटलं, "काही नाही काय? सांग त्यांना."

तिचा सध्याचा आवडता खेळ म्हणजे आबांना घट्ट मिठी मारायची. कान झाकला गेला की यंत्र बारीक शिट्टी मारतं. ती आम्हा सगळ्यांना ऐकू येते. आबांना येते की नाही ते सांगत नाहीत, पण मिठीही लवकर सोडत नाहीत.

बाकी, काल रात्री लाईट बिल भरायचं कुणी विसरलं यावरून माझं आणि नवऱ्याचं जुंपलं होतं. मी आबांकडे वळले, निवाडा मागायला. चांगली समोर उभी राहून, तोंडावर उजेड घेऊन. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे पाहिलं, शांतपणे दोन्ही हात कानांमागे नेले, यंत्रं काढली, डबीत ठेवली आणि म्हणाले, "हो."