सगळी जाणारच ना, मग कॅम्प कशाला?

“शेवटी सगळी इस्रायललाच जाणार ना? मग कॅम्पचा एवढा खटाटोप कशाला?”

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, आमच्या मुलांसाठी दरवर्षी कॅम्प भरवतो, म्हणून हे मला बाहेरचेही विचारतात आणि आमचेही. बाहेरचे कुतूहलाने, आमचे वैतागून. त्यातही ज्यांची स्वतःची मुलं अश्दोद नाहीतर बीरशेव्याला स्थायिक झालीत, त्यांचा आवाज जरा जास्तच चढतो. कोकणात नौगावला आमच्या पूर्वजांचं जहाज फुटल्याची कथा, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून पडलेलं ‘शनवार तेली’ हे नाव, हे सगळं माझ्या तोंडून ऐकून तुम्हाला पाठ झालंय, ते सोडते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

जातात. खरं आहे. १९५० च्या आसपास आम्ही बेने इस्रायल वीसेक हजार होतो, आज देशभरचे सगळे ज्यू मिळून पाचेक हजार भरतील. पण ही माणसं कॅम्पमुळे गेली असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. ती गेली मोठा भाऊ आधी गेला म्हणून, बहिणीचं तिकडे जमलं म्हणून, इथे दोन खोल्यांत आठ माणसं होती म्हणून. माझे थोरले मामा तरुणपणी ब्नेई अकिवा या ज्यू युवक संघटनेच्या कॅम्पांना जायचे, हिब्रू गाणी खड्या आवाजात म्हणायचे आणि आयुष्यभर भायखळ्यातच राहिले. ज्याने कधी एक ओळ गायली नाही तो धाकटा मामा विमानात बसला.

आमचा कॅम्प म्हणजे तरी काय? कर्जत-लोणावळ्याकडचा एखादा बंगला, सुट्टीतले तीन-चार दिवस, शाकाहारी जेवण (कोशेर, म्हणजे धर्मनियमाप्रमाणे कापलेलं, चिकन तिथवर न्यायची यातायात कोण करणार), पावसाचा नेम नाही म्हणून एक हॉल, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर पोलीस चौकीला आधी द्यायचं पत्र. अमेरिकेत १९४७ पासून कॅम्प रामाह चालतात, तिथे मुलं तळ्याकाठी आठवडेच्या आठवडे राहतात. हंगेरीतल्या सार्वाशला १९९० पासून कितीतरी देशांची मुलं येतात, आपल्याकडचीही गेलेली आहेत. सार्वाशची गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. कम्युनिस्ट राजवटीत घरच्यांनी दडवून ठेवलेलं ज्यूपण तिथल्या कित्येक मुलांना कॅम्पमध्ये पहिल्यांदा सापडलं.

आमच्या मुलांचं तसं नाही. त्यांना ते घरात मिळालेलं असतं. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, आजी चिकचा हलवा घोटत बसते, मालिद्याच्या पोह्यांत गूळ-खोबरं कालवते, मनुकांच्या सरबतावर आजोबा किद्दुशची प्रार्थना म्हणतात. नसते ती सोबत. अख्ख्या शाळेत एकटं पोर. आडनाव पेणकर किंवा रोहेकर, त्यामुळे कोणाला काही कळत नाही, आणि कळलं की बाई विचारतात, “ज्यू म्हणजे जैन का रे?” कॅम्पच्या पहिल्या रात्री दिवे घालवल्यावर हाच खेळ चालतो. तुला शाळेत काय समजतात? ख्रिश्चन. तुला? पारशी. आमच्या ड्रॉइंगच्या सरांना तर आम्ही म्हणजे एखादा बाबांचा पंथ वाटतो. गाद्यांवर लोळून हसतात. रागवायला जिना चढून गेलेली मी दाराबाहेरच उभी राहते. “काय शिकवता?” असं तुम्ही विचारता ना, त्या रात्री आम्ही काही म्हणजे काही शिकवत नाही.

आता तुमच्या मनातलं बोलते. हो, पैसा बराचसा बाहेरच्या ज्यू संस्थांकडून येतो. हो, इस्रायलहून एखादी तरुण स्वयंसेवक येते, निळ्या-पांढऱ्या पताका लावते. ‘तगलित’च्या इस्रायलमधल्या दहा दिवसांच्या फुकट सहलीचं नाव निघालं की पुढच्या कॅम्पचे फॉर्म भराभर येतात, हेही लपवत नाही. नकाशाच्या खेळात मुलं हैफा डोळे मिटून दाखवतात आणि रेवदंडा शोधताना गोव्यात पोचतात. मला ते खुपतं, मी दरवर्षी बोलते, आणि दरवर्षी तयार छापील नकाशा इस्रायलचाच येतो. पण याला प्रचार म्हणाल तर तुमच्या मुलांच्या परदेशी युनिव्हर्सिटीच्या मेळाव्यांनाही म्हणा.

हे सगळं मी दहा वेळा सांगितलंय. पुढचं फारसं सांगत नाही.

एका कॅम्पला शनिवारच्या सकाळच्या तेफिलाला, म्हणजे प्रार्थनेला, माणसं मोजायची वेळ आली. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या गणसंख्येला, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे त्या वर्षी मुलीच जास्त होत्या, एका मुलाला ताप आला म्हणून त्याचे वडील आदल्या दुपारीच त्याला घेऊन गेले होते. ज्येष्ठ म्हणून आलेल्या काकांनी हॉलमध्ये नजर फिरवली आणि म्हणाले, “नऊ.”

उभे होते दहा. दहावा पंधरा वर्षांचा. दारापाशी पुस्तकं वाटत होता, प्रत्येकाला पान उघडून देत होता, कारण कुठली प्रार्थना कुठल्या पानावर हे त्याच्याइतकं कोणालाच पाठ नव्हतं. वडील आमचे, आई मराठी हिंदू, आणि ज्यूपण आमच्यात आईवरून धरतात. आठव्या दिवशी सुंता झालेली, दर सणाला सिनेगॉगमध्ये पहिल्या बाकावर. तिथे पंधरा-वीस जण असतातच, म्हणून याला धरायचं की नाही हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

मी मुलींच्या बाजूने काकांजवळ गेले. (मलाही मिन्यानमध्ये कोणी धरत नाही, ते वेगळंच.) हळूच म्हटलं, “काका, धरा ना त्याला.”

“मला धरायला काय जातंय? कादीश माझाच अडलाय.”

त्यांच्या सख्ख्या भावाचं वर्ष त्याच दिवशी होतं. ते मला माहीत नव्हतं. कादीश म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, दहा नसले की ती म्हणता येत नाही.

“मग तर धराच.”

“माझा आहे म्हणूनच नाही धरता येत,” काका म्हणाले. “दुसऱ्या कोणाचा असता तर कदाचित डोळेझाक केली असती.”

तेफिला नवांचीच झाली, जिथे कादीश यायचा तिथे काका थांबायचे आणि पान उलटायचे. मुलगा शेवटपर्यंत उभा होता. संपल्यावर त्याने पुस्तकं गोळा करून खोक्यात भरली, मोठी खाली, लहान वर. जेवताना माझ्या ताटात भाजी वाढता वाढता म्हणाला, “मावशी, फी मात्र माझी पूर्ण घेतलीत ना?” आणि हसला. सगळं टेबल हसलं, मीही हसले. दुसरं काय करायचं ते मला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही.

पंचविशीतली मी हे ऐकून काकांशी कडाडून भांडली असती. तिच्याकडे दाखले तयार असायचे. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांची आई, आजी, पणजी तपासण्याचे नियम काढले. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, १९६४ साली तिथल्या सरकारला आणि संसदेला त्यांची बाजू घ्यावी लागली. ज्यांच्या आज्या अशा चव्हाट्यावर आणल्या गेल्या त्यांनी दुसऱ्याची आई विचारावी? आणि त्याच्याही आधी कोकणात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल हा भेद कोणी केला, मिश्र लग्नांच्या संततीशी रोटी-बेटी कोणी बंद केली? आम्हीच ना? वर तिथल्या ‘परतीच्या कायद्या’तल्या १९७० च्या दुरुस्तीनुसार वडील ज्यू असले की इस्रायल नागरिकत्व देतं. म्हणजे ज्याला तो देश ठेवून घेईल त्याला लोणावळ्याच्या हॉलमध्ये आम्ही दहावा धरला नाही.

तिचं सगळं बरोबर आहे. फक्त तिने काकांना पान उलटताना पाहिलेलं नव्हतं. भावाचा कादीश सोडून देणाऱ्या माणसाला ढोंगी म्हणता येत नाही, आणि ज्याला म्हणता येत नाही त्याच्याशी भांडायचं कसं ते मला जमलेलं नाही. नियम सोडले तर आम्ही दोन हजार वर्षं टिकलोच नसतो, असं काका म्हणतात. कोकणात शतकानुशतकं ना रब्बी होता ना तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी, तरी टिकलोच की, असं मी म्हणते. दोन्ही बोलणी एकाच दिवाणखान्यात, एकाच चहावर होतात आणि तशीच राहतात.

आणि तो मुलगा गेला नाही, बरं का. “सगळी जाणारच” म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते. ठाण्यातच बँकेत लागलाय. दर कॅम्पला गुरुवारी येतो, गाद्या मोजून घेतो, साउंड सिस्टिम लावतो, अंताक्षरी तोच घेतो आणि लहान मुलं त्याच्या अंगाखांद्यावर असतात. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा आमचा पवित्र दिवस, लागायच्या आत, “लोकल पकडायची आहे” म्हणून निघतो. शुक्रवारी दुपारी कुठली लोकल चुकते, हे मी त्याला विचारत नाही.

यंदा समितीत वाद आहे की फॉर्मवर आईचं माहेरचं नाव विचारायचं का. एक गट म्हणतो, आधीच कळलं तर असा प्रसंग टळेल. दुसरा म्हणतो, तो रकाना पाहून निम्मे फॉर्म भरलेच जाणार नाहीत. मी अजून कुठेच हात वर केलेला नाही. काकांनी मध्येच भलताच तोडगा काढला. ठाण्याहून चार निवृत्त गृहस्थ कॅम्पला न्यायचे, म्हणजे शनिवारी मोजायची वेळच येणार नाही. ही पळवाट आहे असं मी त्यांना फोनवर स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, “असेना.” मी चार खाटा वाढवून घेतल्यात. चौघांपैकी दोघांना गुडघ्यांमुळे तळमजलाच हवाय, आणि तळमजल्यावर स्वयंपाकघर सोडून एकच खोली आहे.