तिसरी शीर

मायक्रोस्कोपखाली डास धरून मी अर्धा तास नुसती पंखाची तिसरी शीर बघत बसलोय, पांढरट आहे की काळी एवढंच ठरवायचं होतं. पांढरट असेल तर फ्लुव्हियाटिलिस, म्हणजे डोंगरातल्या संथ वाहत्या ओढ्यात वाढणारा अ‍ॅनोफिलिस (मलेरिया पसरवणाऱ्या डासांचं कुळ), आणि काळी असेल तर बहुतेक त्याच कुळातला क्युलिसिफेसीस. पण पकडताना पंखावरचे खवलेच झडलेले, त्यामुळे जे दिसतंय ते खरं की माझ्याच बोटांची करामत, कळेना.

शेवटी सरांना बोलावलं. त्यांनी एकदा डोकावलं आणि म्हणाले, "फ्लुव्हियाटिलिसच आहे. पण ही माणसाला चावणारी की गुरांना, ते आता हिलाच विचार."

हसलो तेव्हा, पण ते वाक्य डोक्यातनं जाईना.

कारण खरंच, फ्लुव्हियाटिलिस ही एक जात नाहीच, एस, टी, यू अशा जुळ्या बहिणी आहेत, दिसायला अगदी सारख्या. त्यातली एस माणसाच्या रक्तामागे असते आणि ओडिशाच्या डोंगराळ जंगलात मलेरिया पसरवते, टी बहुतेक गोठ्यातच रमते. फरक कळतो तो क्रोमोसोम नाहीतर पीसीआर म्हणजे डीएनएच्या चाचणीतून, डोळ्यांनी नाही. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरने डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला तेव्हा त्याच्याकडे ओळख काय, तर ठिपक्यांच्या पंखांचा डास, बस.

म्हणजे मी वहीत नाव लिहिलं ते बरोबर आहे, आणि तरी ओढ्याकाठच्या घरात फवारणी करायची की नाही ते त्यावरून ठरत नाही. मग त्या रकान्यात नक्की काय लिहायचं?