पंखातली इंधनटाकी सील करताना: माझा अनुभव

स्वतः बांधलेल्या विमानातून लांबचा पल्ला मारायचा म्हटलं की सगळे इंजिनाचं विचारतात. माझ्या मते आधी टाकीचं विचारावं. डिक रुटान आणि जीना येगर 1986 मध्ये वाटेत इंधन न भरता ‘व्हॉयेजर’ने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा उड्डाणाच्या वेळी विमानाच्या वजनात 70 टक्क्यांहून जास्त वाटा इंधनाचा होता. आपल्या दोन सीटच्या ॲल्युमिनियमच्या विमानात एवढं मावत नाही. पण पंखाची पुढची कड हीच टाकी असल्यामुळे पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटचं प्रत्येक भोक ही गळायची वाट असते.

टाकी गळते ती बहुतेकदा सीलंट कमी पडल्याने नव्हे, तर पत्रा मळका राहिल्याने. म्हणून भोकांचे बर (कडेची धारदार कुसळं) काढून, डिंपल करून (रिव्हेटचं डोकं बसायला खळगा पाडून) झाले की रिब (पंखाला आकार देणारी आतली पट्टी) जिथे टेकते तो पट्टा खरखरीत पॅडने घासून घेतला आणि सॉल्व्हंटने पुसला. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसायचं, त्यानंतर उघडं बोटही लावायचं नाही.

पॉलिसल्फाइड सीलंट वजनावर कालवायचं: दहा भाग पांढरं मूळ सीलंट, एक भाग काळं हार्डनर. मी 40 ग्रॅमला 4 ग्रॅम घेतलं, त्याहून मोठा घाणा नाही. काळ्या रेघा पूर्ण जाऊन एकसारखा करडा रंग यायला हवा. रेघ राहिली तर ती जागा मऊच राहते. ‘दोन तासांचा’ म्हणून मिळणारा माल 25 अंशांना दोन तास लावण्याजोगा राहतो, पण पाच-सहा अंश वाढले की वेळ निम्मा. उन्हाळ्यात हे काम पहाटेच.

सीलंट ओलं असतानाच रिव्हेट मारायचं, लगेच आतून प्रत्येक शॉप हेडवर (रिव्हेटच्या ठोकून चपट्या झालेल्या टोकावर) सीलंटची टोपी चढवायची आणि रिबच्या कडेने सीलंटची गोलाई द्यायची. सगळ्यात जास्त वेळ मागच्या बॅफलच्या (टाकी मागून बंद करणाऱ्या पत्र्याच्या) कोपऱ्यांना द्यावा. रिब, पत्रा आणि बॅफल तिथे एकत्र येतात. गळती निघते ती बहुधा तिथेच, नाहीतर झाकणाच्या स्क्रूंपाशी. झाकणाला मी कॉर्कचं गॅस्केट वापरलं नाही, सीलंटच लावलं.

गळती तपासायला टाकीत हवा भरताना कॉम्प्रेसर जोडू नये. दाब मोजायला टाकीला जोडलेल्या पाण्याच्या यू-नळीत 70 सेंटिमीटरचा फरक म्हणजे जेमतेम एक पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड दाब), पण तेवढ्यानेही पत्र्यावर चौरस मीटरला सातशे किलोंचा रेटा येतो. हातपंपाने सावकाश भरावं. खोलीचं तापमान एका अंशाने हललं तरी पाणी साधारण साडेतीन सेंटिमीटर सरकतं, त्यामुळे पाणी उतरलं म्हणून लगेच टाकी उघडायला घेऊ नये. आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधावा. बुडबुडा सापडलाच तर बाहेरून फासणं माझ्या लेखी फुकट. आतलं खरवडून, पुसून, नवं भरावं.

टाकी पंखावर चढवण्याआधी थोडं पेट्रोल आत घालून खळखळवलं आणि गाळून घेतलं. ड्रिलचा कीस आणि सीलंटचे तुकडे नाहीतर पिकअपच्या (टाकीतून इंधन ओढणाऱ्या नळीच्या) जाळीत जाऊन बसतात.