दोघींची नोंदवही

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नववीच्या हजेरीपटावर एक नाव वाढतं. दाखला दुसऱ्या तालुक्यातला, पालकाच्या जागी मामाची सही. मुलगी खाली बघून हजेरी देते. दरडीत घर गेलं, घरातलं कुणी गेलं, एवढं आपल्याला दाखला आणणाऱ्या मामांकडून कळतं. मी कोकणातल्या एका शाळेत समुपदेशनाचं काम बघते. अशी मुलगी आल्यापासून तिला एक मैत्रीण मिळेपर्यंत आम्ही काय करतो आणि काय करायचं सोडून दिलं, ते इथे लिहिते. यातली 'ती' म्हणजे कुणी एक मुलगी नाही. ओळख पटेल असं काहीही मुद्दाम ठेवलेलं नाही.

पहिले दोन आठवडे फक्त बघायचं. प्रश्न विचारायचे नाहीत. ती कुठे बसते, कुठल्या आवाजाला दचकते, डबा खाते की झाकण लावून परत नेते, कुठल्या वारी गैरहजर असते, हे चार रकाने माझ्या वहीत असतात. मामीला एकदाच विचारायचं की रात्री झोप कशी आहे. उत्तर बहुतेक वेळा झोपेबद्दल येतच नाही. "चपला उशाशी घेऊन झोपते हो बाई, ओरडले तरी काढत नाही," असं येतं. चपला काढायला लावू नका, एवढंच त्या दिवशी सांगायचं. अंधारात अनवाणी पळालेल्या मुलीला चपला हाताशी हव्या असतात, त्यात काही वावगं नाही.

शाळा इथे एक हमखास चूक करते. परिपाठाच्या वेळी तिला पुढे बोलावून "हिच्यावर मोठा प्रसंग आलाय, सगळ्यांनी सांभाळून घ्या" असं सांगते. हेतू चांगला असतो, पण त्या मिनिटापासून वर्गात ती मुलगी उरत नाही, प्रसंग उरतो. मधल्या सुट्टीत पोरी डबा घेऊन येतात त्या बातमी ऐकायला. दुसरी चूक म्हणजे वर्गातली सगळ्यात बोलकी मुलगी तिच्या शेजारी बसवणं. बोलकी मुलगी दिवसाला तीस प्रश्न विचारते, आणि पहिल्या पाचात "तुमच्याकडे नक्की काय झालं होतं गं?" हा असतोच. आठवड्याभरात नवी मुलगी जागा बदलून मागते आणि शिक्षकखोलीत "ती मिसळतच नाही" असा शेरा पडतो.

जागा ठरवताना भिंत पाठीशी, दार नजरेत, खिडकी बाजूला. दाराकडच्या रांगेतला शेवटून दुसरा बाक आमच्या वर्गात बरोबर बसतो. शेवटचा देत नाही, तिथे उनाड पोरांचा राबता असतो. तिच्या कंपासपेटीत एक पिवळं कार्ड असतं. ते बाकावर ठेवलं की न विचारता बाहेर जाता येतं, पण जायची जागा ठरलेली: ग्रंथालयातलं खिडकीजवळचं टेबल. स्वच्छतागृह नाही, कारण तिथे कडी लावून बसलेल्या मुलीचं काय चाललंय ते कळत नाही. दहा मिनिटांत परत यायचं, नाहीतर मी शोधायला येणार, हे तिला आधीच माहीत असतं. विषयशिक्षकांना कार्डाचा नियम सांगायचा, कारण सांगायचं नाही. कार्ड पहिल्या महिन्यात रोज निघतं, पुढे आठवड्यातून एकदा. काही मुली वर्षभर कार्ड बाळगतात आणि सहा महिन्यांत एकदाही काढत नाहीत.

पावसाचं वेगळं. माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही दरडी जुलैच्या उत्तरार्धातल्या, आणि त्याच दिवसांत आमच्या पत्र्यावर असा मारा असतो की फळ्याजवळचं बोलणं मागच्या बाकाला ऐकू येत नाही. तेव्हा "घाबरू नको, काही होत नाही" म्हणू नये. तिच्या गावातही कुणीतरी तसंच म्हणालेलं असतं. त्याऐवजी इशारा आला तर कोण सांगणार, शाळेत कुठे जमायचं, मामा पोचेपर्यंत कोण थांबणार, ही तीन उत्तरं तिला नावानिशी द्यायची. प्रश्न ती रोज विचारते. रोज तीच उत्तरं द्यायची, शब्दही न बदलता.

श्वासाचा उपाय सगळे सांगतात, पण "दीर्घ श्वास घे" एवढंच म्हटलं की मूल भराभर मोठे श्वास घेतं, बोटांना मुंग्या येतात, आणि आता आपल्याला काहीतरी होतंय या भीतीची भर पडते. म्हणून मोजून: चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर. बाहेरचा लांब हवा. डोळे उघडे. मिटले की चित्रं दिसतात. पाच दिसणाऱ्या गोष्टी, चार हाताला लागणाऱ्या, तीन ऐकू येणाऱ्या, दोन वास, एक चव, ही यादीही उपयोगी आहे, पण पावसात 'तीन आवाज' गाळायचे, कारण तिन्ही पावसाचेच असतात. आम्ही स्पर्शापासून सुरुवात करतो: बाकाची कड, ओढणीची किनार, तळपायाखालची फरशी, पाण्याची गार बाटली. हे सगळं कोरड्या, शांत वेळी दिवसातून दोनदा, दोन आठवडे घटवून घ्यावं लागतं. ऐन सरीत शिकवलेलं काही लक्षात राहत नाही.

मग मैत्रीण. "जा, मैत्रिणी कर" हे वाक्य मी वापरायचं सोडलंय. बुजऱ्या मुलीला समोरासमोर बसवून "बोला आता" म्हटलं की दोघी गप्प बसतात. शेजारी शेजारी बसवून हाताला काम दिलं की बोलणं आपोआप झिरपतं. काम असं हवं की एकटीला जमणार नाही, रोजचं असेल, पंधरा-वीस मिनिटांत संपेल आणि ज्यात नजरेला नजर द्यायची सक्ती नसेल. ग्रंथालयातल्या नव्या पुस्तकांवर शिक्के मारणं आणि दाखल क्रमांक लिहिणं हे पहिलं काम: एक पान उघडून धरते, दुसरी शिक्का मारते. कव्हरं घालणं दसऱ्यानंतर. पावसाळ्यात खळ वाळत नाही, पुस्तकांना बुरशी येते.

जोडीदारीण निवडताना वर्गप्रमुख नको, पहिला नंबरवालीही नको. कमी बोलणारी, हजेरी पक्की असलेली, इकडचं तिकडे न करणारी, जमल्यास त्याच एसटीनं जाणारी. तिला स्वतःच्या एक-दोन मैत्रिणी आधीपासून असाव्यात. तिला सांगायचं ते "हे काम दोघींचं आहे" एवढंच. "तिची काळजी घे" म्हटलं की चौदा वर्षांची पोर नर्स होते. दिवाळीपर्यंत ती दमते, आणि सोडून जाताना तिला अपराधी वाटतं. नुकसान दोघींचं.

एक महिना नीट गेला आणि ती स्वतः हो म्हणाली, तरच दुसरं काम: पर्जन्यमापक, म्हणजे पाऊस मोजायची बाटली. नुसत्या कल्पनेनं हात थरथरत असतील तर शिक्केच चालू ठेवायचे, आणि मुलगी मानसोपचार घेत असेल तर तिथे विचारल्याशिवाय हे काम द्यायचं नाही. सरळ कडांची दोन लिटरची बाटली घ्यायची. निमुळता भाग संपून कड जिथे सरळ होते तिथे कापायची आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा. कापलेल्या कडेला चिकटपट्टी, नाहीतर बोट कापतं. तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून आत बारीक खडे टाकून वर बोटभर पाणी भरायचं. त्या पाण्याच्या पातळीला शून्य. तिथून वर मिलिमीटरच्या खुणांची पट्टी बाहेरून पारदर्शक चिकटपट्टीखाली लावायची. वाऱ्यानं पडू नये म्हणून बाटली वाळूच्या बादलीत रोवायची. झाड किंवा इमारत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर बादली ठेवायची. पन्हाळीखाली ठेवून "आज तीनशे झाला" म्हणणारे महाभाग दरवर्षी भेटतात.

एक आकडा वाचते, एक नोंदवहीत लिहिते. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. वेधशाळेची नोंद सकाळी साडेआठची असते. आमची शाळा अकराला भरते, म्हणून आमची वेळ पावणेअकरा. वेळ रोज तीच ठेवली की झालं. सोमवारी 'दोन दिवसांचा' असं लिहायचं. वाचून झाल्यावर बाटली रिकामी केली की शून्यापर्यंत पुन्हा पाणी भरायचं. हे विसरणं ही सगळ्यात नेहमीची चूक, दुसऱ्या दिवशी मोठ्या सरीनंतरही पट्टीवर दोनच मिलिमीटर दिसतात. या चुकीवरून दोघी पहिल्यांदा एकमेकींवर चिडतात. मी मध्ये पडत नाही. "पाणी तू घालायचं होतंस" हे भांडण म्हणजे तिला पुन्हा साध्या गोष्टीवर चिडता येऊ लागलं.

आकड्यानं भीती जात नाही, पण तिला माप मिळतं. महसूल खात्याच्या हिशेबी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी. हवामान खात्याच्या वर्गवारीत २०४.४ च्या पुढची पायरी शेवटची. पत्र्यावर एवढा धिंगाणा आणि बाटलीत ३१, हे पाहून मुलगी पट्टी पुन्हा पुन्हा बघते. मात्र कमी आकडा म्हणजे डोंगर सुरक्षित, असा अर्थ लावू द्यायचा नाही. आधीचे दिवस किती पडला, उतार कसा आहे, यावरही दरड ठरते. एखाद्या दिवशी बाटली भरून वाहते. तेव्हा आकड्याच्या रकान्यात 'ओसंडली' असं लिहायचं. खोटा आकडा घालायचा नाही.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला एक हिशेब मला उपयोगी पडतो: तोंडओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत जावे लागतात, घट्ट मैत्रीला २०० च्या वर. तो मोठ्या माणसांवरचा आहे, तेव्हा सैलच धरावा. रोज वीस मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे आठवड्याला दोन तास. पन्नास तास भरायला पंचवीस आठवडे, सुट्ट्या धरून डिसेंबर-जानेवारी उजाडतो. ऑगस्टमध्ये "झाली का गं मैत्री?" म्हणून विचारणाऱ्या मामींना मी हे गणित मांडून दाखवते. एसटीची वाट बघण्यात रोज अर्धा तास जात असेल तर ते दिवस निम्म्याहून कमी होतात. वेळापत्रक न पाळणाऱ्या एसटीचे उपकार मी इथे मानते.

एक नियम पहिल्या दिवशीच दोघींना द्यायचा: येणार नसशील तर आदल्या दिवशी निरोप. अचानक ताप आला तर सकाळी दहाच्या आत फोन. आपल्याला मैत्रीण न दिसणं म्हणजे सर्दी-खोकला. तिच्या डोक्यात मात्र न दिसणं म्हणजे काय, हे एकदा ठरून गेलेलं असतं. निरोपाशिवायच्या एका गैरहजेरीनं तीन महिन्यांची कमाई धुऊन जाते. असंच ऑक्टोबरच्या आसपास होतं. जोडीदारीण स्नेहसंमेलनाच्या नाचात जाते, चार दिवस मधल्या सुट्टीत तिकडेच असते, आणि ही पुन्हा डब्याचं झाकण लावून बसते. समेट घडवायला जाऊ नये. नोंदवही चालू ठेवायची आणि कामात तिसरी मुलगी घ्यायची, म्हणजे सगळा भार एकीवर राहत नाही.

कधीतरी ती बोलते. ठिकाण बहुधा एसटीचा थांबा. सांगायला तिला कुणी भाग पाडू नये. घटनेनंतर सगळ्यांना एकदाच बसवून "मन मोकळं करा" म्हणण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. ऐकणाऱ्या मुलीला मी आधीच तीन वाक्यं दिलेली असतात: "मी ऐकतेय." "थांबावंसं वाटलं तर थांब." "बाईंना सांगायचं असेल तर मी बरोबर येते." आणि तीन वाक्यं वर्ज्य: विसरून जा, देवाची मर्जी, तू तरी वाचलीस. शेवटचं सगळ्यात वाईट, कारण ती नेमकं तेच स्वतःला रोज विचारत असते. "कुणाला सांगणार नाही" अशी शपथ घ्यायची नाही. जगावंसं वाटत नाही किंवा कुणीतरी त्रास देतंय असं कानावर आलं, तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं मलाही बंधनकारक आहे, हे मी मुलींपासून लपवत नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ वहीच्या पहिल्याच पानावर असतो.

मैत्रीण म्हणजे उपचार नव्हे. महिना उलटूनही तीच स्वप्नं, तो विषय निघाला की पळ, सतत दचकणं, अभ्यास ठप्प, असं असेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. त्याआधी निदान ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातलं किशोरवयीन मुलामुलींसाठीचं मैत्री क्लिनिक. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर चोवीस तास मराठीत बोलता येतं. आघातावरच्या बोलण्याच्या उपचाराला साधारण बारा ते सोळा बैठका लागतात आणि घरचं माणूस सोबत लागतं. इथे गाडी अडते. प्रत्येक फेरीला मामाचा एक रोज बुडतो. तिसऱ्या फेरीनंतर "आता बरी आहे" म्हणून उपचार थांबतात. आम्ही तारीख बाजाराच्या वाराला मागून घेतो, म्हणजे एका खेपेत दोन कामं होतात.

वर्षाचा दिवस दोनदा येतो, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. घरी श्राद्ध तिथीनं, बातम्यांत तारखेनं. मध्ये कधी आठ, कधी पंधरा दिवसांचं अंतर पडतं आणि मुलगी तेवढे सगळे दिवस उसवलेली असते. कालनिर्णयावर दोन्ही दिवसांना मी पेन्सिलनं टिंब करते, त्या आठवड्यात चाचणी लावू देत नाही, आणि फोनवर जुने व्हिडिओ फिरतात म्हणून मामींना आधी सांगून ठेवते. मैत्रिणीनं त्या दिवशी काय करायचं? नोंद घ्यायची, नेहमीसारखी. शेजारी उभं राहायचं.

मे महिन्याची सुट्टी हा शेवटचा धोका. सहा आठवडे भेट नाही. वार ठरवून आठवड्यातून दोन फोन, कुणी कुणाला करायचा तेही ठरलेलं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात दोघींनी बाटली नवी कापायची, कारण वर्षभराच्या उन्हानं जुनीचं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि तळाला शेवाळ धरतं. पट्टी मात्र जुनीच सोलून काढून परत लावतात. सोलताना ती फाटू नये म्हणून एक बाटली धरते, एक नखानं कड उचलते.