नादावर फिरणारं चाक: उन्हाळ्यातल्या नोंदी

मंडळी, मागची नोंद दिवाळीतली होती. तेव्हा चार चेंडूंचं चाक नुसतं थरथरत होतं. आता ते फिरतंय. अगदी खरं, डोळ्यांदेखत, फक्त आवाजावर. पण लिहायचं आहे ते निव्वळ फिरण्याबद्दल नाही. ते फिरतं तेव्हा आत किती शक्ती जाते आणि बाहेर किती येते, ते आकडे मला तुमच्यापुढे ठेवायचेत.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात पार्श्वभूमी. आवाजातून शक्ती मिळवायच्या या छंदात आपल्यातले बरेच जण ज्या वाटेने आले तिचं एक टोक अमेरिकेत फिलाडेल्फियाला आहे. जॉन वॉरेल कीली नावाच्या माणसाने 1870च्या दशकात तिथे दावा केला की कंपनांतून आणि 'ईथर'मधून (सारं अवकाश व्यापून असल्याचं तेव्हा मानलं जाणारं अदृश्य द्रव्य) अमर्याद शक्ती मोकळी करता येते. नोव्हेंबर 1874 मध्ये त्याने एका यंत्राच्या नळीत अर्धा मिनिट फुंकर मारली, नळाचं पाणी ओतलं आणि दाबमापकाचा काटा दर चौरस इंचाला दहा हजार पौंडांवर नेऊन दाखवला. पुढे तो ट्यूनिंग फोर्क, व्हायोलिन, झिदर असली वाद्यं वापरू लागला. सूर लावला की पोकळ गोळा फिरायला लागायचा. त्याच्या कंपनीचे शेअर विकले गेले. क्लारा ब्लूमफील्ड मूर नावाच्या श्रीमंत विधवा बाईंनी त्याला वर्षानुवर्षं पैसा पुरवला. मॅडम ब्लावाट्स्कींनीही 1888 च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. या बाई 1879 पासून काही वर्षं मुंबईत राहून थिऑसॉफी या गूढविद्येच्या चळवळीचं काम करत होत्या, त्यामुळे कीलीचं नाव आपल्याकडच्या जुन्या लिखाणात मधूनच भेटतं ते बहुधा याच वाटेने आलेलं असावं.

नोव्हेंबर 1898 मध्ये कीली वारला. मूरबाईंच्या मुलाने, क्लॅरेन्सने, तज्ज्ञांना घेऊन 1899 च्या सुरुवातीला ती प्रयोगशाळा उकरली. तळघरात सुमारे तीन टनांचा लोखंडी गोळा निघाला, दाबलेली हवा साठवायला चालेल असा. जमिनीच्या फळ्यांखाली आणि भिंतीत नळ्या निघाल्या. आवाज न करणारी पाण्यावरची मोटर आणि वरपर्यंत गेलेले पट्टे सापडले. कीलीला मानणारे आजही म्हणतात की तो गोळा जुन्या, सोडून दिलेल्या प्रयोगांचा होता. असेलही असं धरून चालू. मला त्या तळघरापेक्षा वेगळाच प्रश्न जास्त छळतो: आवाजावर खरोखरच काही फिरवता येतं का, आणि येत असेल तर किती जोराने?

कारण येतं! आपण इथे विसरतो ते हे. कीली फिलाडेल्फियात खेळ दाखवत होता त्याच दशकात विन्को द्वोर्झाक यांनी पोकळ अनुनादक (ठरावीक सुरालाच घुमणारी, तोंड असलेली भांडी) सुईवर तोलून ध्वनीने चाक फिरवून दाखवलं. हे झाग्रेब विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या यंत्रात तळघर नव्हतं आणि शेअरही नव्हते. म्हणूनच त्यांचं नाव कुणाला माहीत नाही. मी दोन वर्षांपासून हेच चाक बनवतोय.

एप्रिल, दुसरा आठवडा: बांधणी

दिवाळीतलं चाक दोऱ्याला टांगलं होतं. दोऱ्याला पीळ असतो, तो उलगडताना चाक आपणहून फिरतं आणि आपल्याला वाटतं की आवाजाने फिरलं. तो सगळा प्रकार रद्द. आता खाली शिवणयंत्राची सुई, टोक वर करून मेणात रोवलेली. तिच्यावर टिचबटणाचा खळगा उपडा. बटणाला फुलीच्या आकारात खराट्याचे दोन हीर बांधले. हीर हलका, ताठ आणि फुकट. टोकांना टेबल टेनिसचे चार चेंडू, मध्यापासून प्रत्येकी 10 सेंटिमीटरवर.

प्रत्येक चेंडूला आडवं भोक आणि त्यात स्ट्रॉचा 9 मिलिमीटरचा तुकडा, आतला व्यास 5 मिलिमीटर. चारही तोंडं एकाच दिशेने वळलेली, दिवाळीच्या भुईचक्राची आठवण व्हावी अशी. भोक तापलेल्या सुईने पाडून नंतर गोल कानशीने मोठं केलं. सांध्यात जराही फट राहिली तर चेंडू बहिरा होतो, म्हणून आतबाहेर गोंद. गोंद-स्ट्रॉसकट एका चेंडूचं वजन 3.2 ग्रॅम भरलं.

चेंडूच्या आतल्या हवेचं आकारमान साधारण 31.5 घन सेंटिमीटर. गळ्याची लांबी, व्यास आणि हे आकारमान अनुनादाच्या सूत्रात घातलं तर 20 अंश तापमानाला 384 हर्ट्झ येतात. मी स्पीकरला जोडलेला सिग्नल जनरेटर (हवा तो सूर काढून देणारं यंत्र) 384 वर लावून तासभर बसलो. चाक ढिम्म.

एप्रिल, तिसरा आठवडा: 384 की 393

पंखा बंद ठेवावा लागतो, वाऱ्याने चाक फिरतं. एप्रिलात मिरजेला दुपारी तीन वाजता बंद खोलीत पंख्याशिवाय बसणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्या घामातच उत्तर होतं. खोलीचं तापमान 34 अंश. ध्वनीचा वेग 20 अंशांना सेकंदाला 343 मीटर, पण दर अंशाला तो सुमारे 0.6 मीटरने वाढतो. 34 अंशांना 352 च्या आसपास. त्याच प्रमाणात सूर चढणार, म्हणजे 394.

मी 1-1 हर्ट्झने वर सरकत गेलो. 390 ला चाक हललं. 393 ला सावकाश, पण ठामपणे फिरायला लागलं. चेंडूंच्या तोंडांच्या उलट दिशेने.

मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो. बाकी काही केलं नाही.

पहाटे पाचला तेच चाक 393 ला मंद झालं आणि 388 ला जोमात आलं. तेव्हा आपापल्या नोंदीत तापमान लिहा, कळकळीची विनंती. 'अमुक हर्ट्झ ही विश्वाची वारंवारता' असे जे दावे फिरतात, त्यांत खोलीचं तापमान कधी दिलेलं असतं का ते पाहा.

मे, पहिला आठवडा: शंका फेडणं

फिरलं म्हणजे आवाजानेच फिरलं हे सिद्ध करायला हवं होतं. चारही तोंडांना चिकटपट्टी लावली: थांबलं. चेंडू उलटे बसवले: उलटं फिरलं. वारंवारता 20 हर्ट्झने सरकवली: थांबलं. स्पीकरची दिशा बदलली, वरून ठेवला, मागून ठेवला: फिरण्याची दिशा तीच राहिली. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. या सुराची तरंगलांबी जवळजवळ 90 सेंटिमीटर आहे आणि चाक जेमतेम 20 चं. म्हणून हवेचा दाब चारही चेंडूंपाशी जवळपास एकदमच चढतो-उतरतो. स्पीकर ढकलत नाही, चेंडू स्वतःच श्वास घेतायत.

ढकलणं मग येतं कुठून? दिव्याजवळ तोंड नेऊन फुंकर मारा, दिवा विझतो. तितक्याच अंतरावरून श्वास आत ओढा, ज्योत फार तर लवते. बाहेर जाणारी हवा सरळ झोत होऊन जाते, आत येणारी मात्र सगळ्या बाजूंनी गोळा होऊन येते. चेंडूचा गळा सेकंदाला 393 वेळा हेच करतो. आत-बाहेर हवा सारखीच, पण झोताचा धक्का एकाच बाजूला.

मे, तिसरा आठवडा: हिशेब

आता मुद्द्यावर येतो.

ॲम्प्लिफायर 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवला, मध्ये मल्टिमीटर. 11.8 व्होल्ट, 0.8 अँपिअर. म्हणजे साडेनऊ वॅटच्या जवळ आत जातायत.

चाकाच्या बाजूला: स्थिर व्हायला लागतात 20 सेकंद, आणि मग एक फेरी 5 सेकंदांत. चार चेंडूंचं वस्तुमान, 10 सेंटिमीटर त्रिज्या आणि हा वेग धरला तर चाकात साठलेली गतिज ऊर्जा येते सुमारे 100 मायक्रोज्यूल. वीस सेकंदांत जमली, म्हणजे सरासरी 5 मायक्रोवॅट. सुईवरचं घर्षण आणि हवेचा विरोध म्हणून तेवढीच वर धरा. दहा मायक्रोवॅट.

साडेनऊ वॅट आत, दहा मायक्रोवॅट बाहेर. दहा लाखांतला एक भाग.

मी हे तीनदा मोजलं, कारण मला स्वतःला यापेक्षा मोठा आकडा हवा होता. स्पीकर बदलला, त्याचा खोका बदलला, चाक खोक्याच्या आत ठेवलं. दुप्पट-तिप्पट फरक पडला, पण दहा लाखांच्या खाईत त्याने काय होणार?

मग कीलीच्या पद्धतीने करून पाहिलं. 392 हर्ट्झ म्हणजे पेटीवरची (हार्मोनियमवरची) मधल्या सप्तकातली पांढरी पाच. पहाट आणि दुपार यांच्या मधली वेळ साधून, चाकापासून हातभर अंतरावर पूर्ण भाता मारून तो सूर धरला. चाक शहारलं आणि थांबलं. पेटी असो की व्हायोलिन, त्यातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती मिलिवॅटच्या घरातली आणि ती साऱ्या खोलीभर पसरते. तेवढ्यावर कीलीचे जड धातूचे गोळे फिरत असतील तर शक्ती सुरातून येत नव्हती, हे सांगायला मला तळघर उघडायची गरज उरली नाही.

आणखी एक हिशेब वहीत आहे, तो हवा त्याने उतरून घ्यावा. 100 डेसिबल हा कान किटवणारा आवाज. 30 घनमीटरच्या नेहमीच्या खोलीत तो भरून राहिला तर हवेतली एकूण ध्वनिऊर्जा फक्त एक मिलिज्यूलच्या आसपास असते. दहा ग्रॅमची वस्तू एक सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी. कान फार संवेदनशील आहे, त्यामुळे आपल्याला आवाज मोठा वाटतो.

पिझो चकतीबद्दल

दोघांनी विचारलं होतं की स्पीकर बंद असतानाही पिझो चकतीवर (दाब किंवा कंपनं मिळाली की वीज देणारी चकती) 3-4 व्होल्ट दिसतात, ही बाहेरची ऊर्जा नाही का. माझ्याकडेही दिसले. मीटर AC वर ठेवून वारंवारता बघा, 50 हर्ट्झ येईल. घरातल्या वायरिंगचा गुणगुणाट तो. मीटरचा अंतर्गत रोध फार मोठा असल्याने त्याला नावापुरता प्रवाहही पुरतो. चकतीच्या दोन तारांमध्ये एक लाख ओहमचा रोध लावा, व्होल्ट जवळजवळ नाहीसे होतील. भार लावल्याशिवायचा व्होल्टेजचा आकडा कृपया इथे कुणी शक्ती म्हणून मांडू नये. यावरून आपल्यातल्या चांगल्या माणसांनी हजारो रुपये घालवलेले मी पाहिलेत.

मे अखेर: तरफा

मध्ये एका सतार बनवणाऱ्या कारागिराच्या दुकानात गेलो होतो. कीली ज्याला 'सहानुभूतीची कंपनं' म्हणायचा ते तिथे दिवसभर चालू असतं. मुख्य तार छेडली की खालच्या तरफा आपोआप बोलतात. मी त्यांना विचारलं, तरफांमुळे नाद वाढतो का. ते म्हणाले, "वाढतो कुठं? पसरतो. बाजाच्या तारेचंच आहे ते सगळं." मग त्यांनी तरफांवर कापडाची घडी ठेवून तीच तार छेडून दाखवली, आणि नंतर घडी काढून. फरक ऐकून मी वही बाहेर काढली आणि त्यांचं वाक्य तिथेच लिहून घेतलं.

पुढे

चाक आता काचेच्या बरणीखाली शेल्फवर आहे, येईल त्याला दाखवतो. मोजमापाची पानं शेजारीच ठेवली आहेत.

पुढचं काम उलट्या दिशेचं. उष्णतेतून ध्वनी. उभ्या नळीत खालच्या चौथ्या हिश्श्यावर तापलेली जाळी ठेवली की नळी गाऊ लागते, हे रायके यांनी 1859 मध्ये दाखवलं. त्याच कुळातल्या यंत्राने अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत 1999 मध्ये उष्णतेचा 30 टक्के भाग ध्वनीच्या रूपात मिळवला. आतला दाबाखालचा हेलियम वायू सोडला तर त्यात हलणारा भागच नव्हता. लोखंडी पाइप दीड इंची, 80 सेंटिमीटरचा आणलाय. जाळी चहाच्या गाळण्याची कापून पाहिली, ती लाल झाली आणि वितळून खाली आली. स्टेनलेसची जाड जाळी सांगलीत मिळते का बघतोय. कुणाकडे तुकडा असेल तर मापासकट कळवा.