पीडीएफला बातमी पोहोचत नाही

माझ्या एका लेखात मी ज्या शोधनिबंधाचा आधार घेतला होता, तो निबंध केव्हाच मागे घेतला गेला आहे, हे लेख छापून झाल्यावर एका वाचकाने मला कळवले. निबंध कुठल्या भुरट्या संकेतस्थळावरचा नव्हता. जर्नल नावाजलेले होते आणि प्रत लेखकाच्याच संस्थेच्या संग्रहातून विनामूल्य उतरवून घेतलेली होती. अडचण अशी की, एकदा उतरवलेली पीडीएफ आपल्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी पडून राहते आणि प्रकाशकाच्या पानावर पुढे काय शेरा उमटला, याची तिला गंधवार्ताही नसते.

तेव्हापासून निबंध वापरण्यापूर्वी त्याचा डीओआय, म्हणजे १० या आकड्याने सुरू होणारा निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, डीओआय डॉट ऑर्गवर टाकून मी प्रकाशकाचे मूळ पान उघडतो आणि मथळ्याच्या आसपास मागे घेतल्याची किंवा दुरुस्तीची सूचना आहे का, ते पाहतो. शंका वाटली तर मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या संग्रहातल्या नोंदी चाळतो. डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने २०२३ मध्ये तो संग्रह विकत घेऊन सर्वांसाठी खुला केला, ही फार मोठी सोय झाली. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधला निबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पूर्णपणे मागे घेतला गेला तो २०१० मध्ये, हे लक्षात घेतले तर मधल्या काळात उतरवलेल्या प्रती किती जणांनी जपून ठेवल्या असतील, याची कल्पना करता येते.

फुकट मिळते ते हलके असते, हा समज मला पटत नाही. १९९१ पासून चालत आलेल्या आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर भौतिकशास्त्र आणि गणितातले उत्तम काम विनामूल्य वाचायला मिळते. फक्त तिथले निबंध प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापण्यापूर्वीचे मसुदे असतात, त्यांच्यावर किरकोळ चाळणी होते, तज्ज्ञांकडून परीक्षण होत नाही, एवढे भान ठेवावे लागते. खरा घोटाळा होतो तो सूचीला प्रशस्तिपत्र समजल्यामुळे. गूगल स्कॉलर यंत्राने पाने गोळा करते, त्यांची पारख करत नाही. पबमेड या अमेरिकी सरकारी वैद्यकीय सूचीत नोंद असणे म्हणजे निष्कर्षाला सरकारी मान्यता मिळणे नव्हे. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळखक्रमांक तर कोणत्याही नियतकालिकाला मिळू शकतो, त्यामुळे त्याची जाहिरात करणाऱ्या जर्नलकडे मी उलट अधिक संशयाने पाहतो.

पारख करणाऱ्या सूचीही चुकतात. सायन्स या नियतकालिकाच्या एका पत्रकाराने २०१३ मध्ये ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट निबंध ३०४ मुक्त, म्हणजे वाचकांना विनामूल्य असलेल्या, जर्नलांकडे पाठवला आणि त्यांपैकी १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. स्वीकारणाऱ्यांत डीओएजे या मुक्त जर्नलांच्या निर्देशिकेत नोंदलेलीही अनेक होती. डीओएजेने पुढे निकष कडक केले, सर्वांना नव्याने अर्ज करायला लावले आणि २०१६ मध्ये सुमारे ३,३०० जर्नले यादीतून काढून टाकली. स्वतःची यादी अशी छाटणारी संस्था मला अधिक भरवशाची वाटते. तरीही जर्नल अनोळखी असेल, तर संपादक मंडळातली दोन-तीन नावे घेऊन त्यांच्या विद्यापीठांच्या पानांवर त्या जर्नलचा उल्लेख आहे का, हे मी पाहतोच, कारण विचारल्याशिवाय नावे छापण्याचे प्रकार सर्रास चालतात.

विनामूल्य प्रत बहुधा लेखकाने संस्थेच्या संग्रहात ठेवलेले, जर्नलने स्वीकारलेले पण प्रकाशकाने छपाईसाठी पानांत न मांडलेले हस्तलिखित असते. मजकूर साधारणपणे तोच असतो, पण पृष्ठक्रमांक जुळत नाहीत, म्हणून उद्धृत करताना मी पानाऐवजी विभागाचे नाव देतो.

जुन्या फोल्डरमधले निबंध आता एकेक करून तपासतो आहे. आणखी एकावर दुरुस्तीची सूचना सापडली, आणि ती नेमकी मी वापरलेल्या तक्त्याचीच निघाली.